पहिला मसुदा, वडगाव

पहिल्या मसुद्यात चौसष्ट प्रश्न होते.
मला वाटायचं, बरे जमलेत.
टिळकवाडीच्या छापखान्यातून तीनशे प्रती आणल्या,
गुळगुळीत कागद, आणि वर ठळक अक्षरांत:
मनमोकळेपणानं उत्तरं द्या.

वडगावात, यंत्रमागाच्या मागच्या खोलीत
भरतेश उपाध्येनं तेवढीच ओळ वाचली
आणि कागद पालथा घातला.
‘मन मोकळं झालं की सांगतो.
आज गुरुवार. तीन बीम भरायचेत.’

मी थांबले.
थांबणं मी मसुद्यात धरलंच नव्हतं.

सोमवारी त्यानंच खुर्ची सरकवली, भिंतीकडे तोंड करून.
मी वाचलं: तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?
नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, कधीच नाही.
‘कुणापासून एकटं?
मागापासून, आईपासून, की त्या ट्यूबलाइटपासून?
गुणगुणूलालीय बघा ती. ऐकू येत नाही काय तुम्हाला?’
मी कान दिला.
येत होतं. मी आल्यापासून येत होतं.

‘बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून किती?’
साधारण, मी म्हणाले.
‘साधारण हा आकडा न्हवं.’
मग ‘कधी कधी’च्या चिमुकल्या चौकोनात
मुंगीएवढ्या अक्षरांनी त्यानं लिहिलं:
मंगाईच्या जत्रेच्या मंगळवारी,
सकाळी नऊपासून, ढोल थांबेपर्यंत.
अक्षरं चौकोनात मावली. एकही बाहेर आलं नाही.
माझ्याच घशाशी काहीतरी आलं.

सतरावा प्रश्न:
या आजाराचा त्रास कधीपासून आहे?
त्यानं पट्टी घेतली.
आजार सरळ रेघेनं खोडला,
आणि त्रासवर बाण काढून लिहिलं: कुणाला?

तेवीस ते एकतीस, पालकांनी भरावे.
भरतेश चौतीस वर्षांचा आहे.
त्याची आई गोकाकची, पावटे सोलत बसली होती.
तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.
‘अवन्न केळ्री,’ म्हणाली.
त्यालाच विचारा.

आणि शेवटच्या पानावर, सवयीनं, मातृभाषा.
एकाच चौकोनात खूण करा.
‘आईची कन्नड. बाबांची मराठी.
मला विचाराल तर मागाची लय.
त्याला चौकोन कुठाय?’

आता हे मला कळायला हवं होतं.
या चौकोनावरून आमच्या गल्लीत दोन घरांनी
हळदीकुंकवाची बोलावणी बंद केलेली.
आजोबांचं बोट धरून मी मोर्च्यात चाललेय,
पाटीवरचं एक अक्षर पुसलं म्हणून
मोठी माणसं रडताना बघितलीयत.
आपण कोण ते दुसऱ्यानं छापून आणावं
आणि आपण फक्त खूण करावी,
हे काय असतं ते माहीत असून
मी तोच चौकोन काढला,
तेवढाच, पट्टीनं आखून.

दुसरा मसुदा त्याच्या टेबलावर झाला.
आधी त्यानं विचारलं, ह्याचे पैसे किती?
मी अंदाजपत्रकात बघितलं. छपाई होती,
चहा होता. तो नव्हता.
दर ठरला प्रश्नागणिक, मागावर मीटरमागं असतो तसा.
बिघडलेला प्रश्न उसवायचे जास्त.

कागद खडबडीत, पानावर एकच प्रश्न.
किती वेळ लागेल ते सुरुवातीलाच, खरं खरं.
बोलून, लिहून, किंवा परवा.
‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’
मी एकत्र केले होते, जागा वाचावी म्हणून.
त्यानं कात्रीनं वेगळे केले.
‘दोन्ही एक न्हवंत. माहीत असतं, बरं का,
पुष्कळदा.’

चौसष्टातले एकोणीस उरले.
विसावा त्यानं घातला, अगदी वर,
बाकीच्यांच्या आधी:
हे विचारून तुम्ही काय करणार?

त्याच्याखाली चौकोन नाहीत.
चार रेघा आहेत, माझ्यासाठी.
आज पंधरा दिवस झाले.
अडीच भरल्यात.